वाफ्यावरचा बर्फ

यंदा बर्फ फार उशिरा आला. डिसेंबर कोरडा गेला, नाताळातही अंगणं तपकिरीच होती, आणि जानेवारी अर्धा उलटला तरी रोज नुसता बोचरा वारा. आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये अशी हवा लोकांना आवडते. गाड्या घसरत नाहीत, फावडी गराजमध्येच राहतात, ऑफिसात कॉफी ओतून घेताना जो तो म्हणतो, यंदा सुटलो. मी मान डोलावते. मनात मात्र कुंपणालगतचा उघडा वाफा असतो. पालापाचोळ्याचा पातळ थर, खाली दगडासारखी गोठलेली माती, आणि त्या मातीत लसूण. आता असे दोन वाफे आहेत, एक आमच्या अंगणात आणि एक पलीकडे मिसेस लिन यांच्या. गेले कित्येक दिवस आम्ही दोघी आपापल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळाकडे बघत होतो आणि नजरानजर झाली की एकमेकींना हात हलवत होतो. काय बघतो आहोत हे दोघींनाही माहीत होतं.

आज पहाटे जाग आली आणि कळलं. बर्फ पडल्याचं खिडकीबाहेर न बघताही कळतं. हायवेची घरघर एरवी लांबच्या समुद्रासारखी सतत चालू असते, ती कुणीतरी काढून नेलेली असते. दिवा न लावता छत उजळलेलं असतं आणि तो उजेड खालून वर आलेला असतो. अशा वेळी काही क्षण मला आपण कुठल्या घरात आहोत ते उमगत नाही. मी गाड्यांच्या सुट्या भागांतले दोष शोधायचं काम करते. एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणण्याआधी ती कामाची आहे का, हे बघायची मला सवय आहे. पण त्या उजेडात मी पडून राहते. आणि दर वेळी तोच हिवाळा आठवतो, अप्पांचा.

अप्पा म्हणजे माझे वडील. नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. अप्पांनी ती उभी केली आणि वय झाल्यावर माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या हाती सोपवली. हाती सोपवली, डोक्यातून सोडली नाही. थंडीत घडांमध्ये साखर भरू लागते आणि नेमके त्याच दिवसांत अवेळी ढग येतात. एक सर पुरते. मणी तडकतात, बुरशी धरते, वर्षभराची मेहनत वास मारू लागते. पश्चिमेला जरा काळं दिसलं की अप्पांचं ब्लडप्रेशर चढायचं. ते द्राक्षमांडवाच्या तारांखालून फिरत राहायचे, जेवायला यायचे नाहीत, सगळ्यांवर खेकसायचे.

“ताई, ह्यांना घेऊन जा बाई तुझ्याकडे,” संजू फोनवर म्हणाला होता. “बाग मी सांभाळतो. बागेसकट ह्यांना सांभाळणं काही होत नाही माझ्याच्यानं.”

म्हणून ढगांपासून लांब असावेत यासाठी आम्ही अप्पांना मिशिगनला आणलं. मिशिगनला, आणि तेही ऐन हिवाळ्यात. हुशार माणसं आहोत आम्ही बहीणभाऊ.

पहिला बर्फ पडला तेव्हा अप्पा हॉलच्या मोठ्या काचेशी उभे होते. अंगात माझ्या नवऱ्याचा स्वेटर, डोक्याला मफलर, हातात चहाचा कप. 

“केवढ्या गारा,” शेवटी हळूच म्हणाले.

“आजोबा, दॅट्स नॉट हेल. इट्स जस्ट स्नो,” माझी मुलगी ईरा म्हणाली.

“गारा नाहीत अप्पा. बर्फ आहे. मऊ असतो,” मी म्हटलं.

“मऊ असो नाहीतर कडक. पांढरं आहे ना? वरून पडतंय ना?” अप्पा म्हणाले. “मग झालं तर.”

त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्याही आत कुठेतरी तो तसाच संपलेला आहे. मी शाळेत असताना एकदा आमच्या बागेवर गारा पडल्या होत्या. आवाज थांबल्यावर आम्ही बाहेर आलो. जमीन पांढरी, पानांच्या चिंध्या, आणि सगळीकडे एक गोड वास, फुटलेल्या द्राक्षांचा, जत्रेतल्या मिठाईसारखा. आजही बाजारात तो वास आला की मी पुढे निघून जाते. आई खराट्यानं अंगणातल्या गारा लोटत होती, धान्य गोळा करावं तशी. अप्पांनी एक गार उचलून मुठीत धरली आणि ती वितळून जाईपर्यंत मूठ उघडली नाही. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग शर्टाला हात पुसून ते म्हणाले, “चला, झटका.”

झटकणं हे आमच्या घरचं पहिलं शिक्षण. पीक वरून भिजलं की आधी त्याच्यावरचं पाणी काढायचं, रडायचं ते नंतर. पाऊस थांबला की घरातलं प्रत्येक माणूस तारांशी जायचं आणि घड हलक्या हातानं हलवायचं. पाहुणेसुद्धा. माझं लग्न ठरवायला आलेली मंडळीही एकदा बागेत उभी राहून घड झटकत होती. सासूबाई अजून ती गोष्ट सांगतात, कौतुकानं की तक्रारीनं ते मी विचारलेलं नाही.

मिसेस लिन यांचं मूळ गाव चीनच्या शांडोंगमधलं, गव्हाचं आणि लसणाचं. नवरा गेल्यापासून त्या शेजारच्या घरात एकट्याच राहतात. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं आहे आणि त्यांना त्याची फिकीर नाही. अप्पांनी आल्या आल्या त्यांचं नाव लीनाबाई करून टाकलं होतं. कुंपणाच्या अलीकडून अप्पा मराठीत बोलायचे, पलीकडून त्या चिनीत, आणि दोघं समाधानानं घरात परत यायची.

“काय म्हणाल्या हो लीनाबाई?” मी विचारायची.

“पाठ दुखते म्हणाल्या,” अप्पा ठामपणे सांगायचे.

मिसेस लिन यांच्या अंगणाच्या टोकाला लसणाचा वाफा होता. मोठ्या जांभळट पाकळ्यांचा लसूण, बाजारात कधी न दिसणारा. ते बियाणं त्यांच्या नवऱ्यानं कुठून मिळवलं हे त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही. जुलैत काढायचा, सगळ्यांत चांगले गड्डे बाजूला ठेवायचे, पानगळीत त्यांच्याच पाकळ्या पुन्हा लावायच्या. नवरा हे इतकी वर्षं करत आला आणि आता त्या करत होत्या. लसूण धान्यासारखा साठवून ठेवता येत नाही. यंदा लावलेला पुढच्या उन्हाळ्यात हाती आला नाही, तर तो लसूण संपला. नवऱ्याच्या हातचं दुसरं काही या देशात उगवत नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. अगदी सहज, दुधाचा भाव सांगावा तसं.

जानेवारीत त्या पश्चिमेकडे मुलीच्या घरी गेल्या, चिनी नवं वर्ष तिकडे साजरं करायला. जाताना किल्ली देऊन गेल्या. घरापुढचा ड्राइव्हवे बर्फ काढून मोकळा ठेवा, टपाल आत टाका. वाफ्याबद्दल काही सांगितलं नाही, कारण हिवाळ्यात वाफ्याचं काही करायचं असतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

त्यानंतरच्याच आठवड्यात दणकून बर्फ पडला. मी ऑफिसला, ईरा शाळेत, नवरा टूरवर. मी परत आले तेव्हा अप्पा लालबुंद नाकानं, पण फार दिवसांनी खुशीत बसलेले होते.

“लीनाबाईंचं काम करून टाकलं,” म्हणाले.

मला वाटलं, ड्राइव्हवे. तो तर केलाच होता. मग त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. सगळ्या पांढऱ्या अंगणात एकच काळा चौकोन. वाफ्यावरचा बर्फ काढलेला, ओला पालापाचोळाही खरवडून काढलेला, माती अशी स्वच्छ की पंगत बसवावी. काढलेला सगळा बर्फ कुंपणाच्या कोपऱ्यात रचून ठेवला होता, ढिगारा चांगला कमरेएवढा.

“कोपरा रिकामाच होता,” अप्पा म्हणाले. “पाला कुजला असता गं. लसूण सडला असता. बाई आली की बघेल तर पीक कोरडं.”

मला त्यात काही चूक दिसली नाही. त्यांच्या पायातले मोजे भिजले होते आणि मला त्यांची काळजी होती. मी त्यांना गरम पाण्यात पाय ठेवायला लावलं आणि वर आलं घालून चहा दिला.

मग आभाळ निवळलं. इथल्या हिवाळ्यातला निरभ्र दिवस हा सगळ्यांत फसवा. निळं, चकचकीत, सुंदर आभाळ, आणि बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस गोठतात. थंडी अशी उतरली की रात्री घराची लाकडं कडकड वाजायची. नवा बर्फ पडेना. तो काळा चौकोन तसाच उघडा राहिला, आणि अप्पा रोज सकाळी खिडकीतून त्याच्याकडे समाधानानं बघत राहिले. “ऊन लागतंय बघ चांगलं,” म्हणायचे.

मिसेस लिन परतल्या तेव्हा अप्पा बूट घालून आधीच तयार होते. मी मागोमाग गेले. अप्पांनी त्यांना वाफ्याशी नेलं आणि फावडं मारल्याची नक्कल करून दाखवली, असं उचललं, असं टाकलं. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. मिसेस लिन वाकल्या. मातीवर इथे तिथे काही पाकळ्या वर येऊन पडल्या होत्या. गोठून, सैल होऊन, पुन्हा गोठून जमिनीनं त्या बाहेर ढकलल्या होत्या. त्यांनी एक दाबून पाहिली. उकडल्यासारखी मऊ. त्यांनी ती परत होती तिथेच ठेवली, अप्पांकडे बघून मान तुकवली आणि घरात गेल्या. दार हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

“काय झालं? काय म्हणाली ती?” अप्पांनी विचारलं. या वेळी त्यांना भाषांतर येत नव्हतं.

संध्याकाळी मी मिसेस लिन यांच्याकडे गेले. त्यांनीच दार उघडलं, गरम पाण्याचा पेला पुढे केला. रागावल्या नव्हत्या. रागावण्यापलीकडचं काहीतरी होतं आणि ते सांगायला त्यांच्याकडे इंग्रजी नव्हतं. त्यांच्या भाषेत बर्फाविषयी एक जुनं वचन आहे. ते त्यांनी म्हटलं, चार-दोन टिचक्या वाजवाव्यात तसं. नंतर ईरानं ते फोनवरच्या भाषांतरात घालून पाहिलं तर हवामानखात्याचा इशारा वाटावा असं काहीतरी निघालं, म्हणून मी ते इथे देत नाही. मला ते कळलं ते त्यांच्या हातांमुळे. त्यांनी खांद्यावरची शाल ओढून हनुवटीपर्यंत घेतली, डोळे मिटले आणि मान कलती केली. झोपलेलं मूल. मग शालीवर बोटं नाचवली, वरून बर्फ पडतोय. मुलाच्या चेहऱ्यावर हसू. मग एकदम शाल ओढून काढली आणि हात छातीशी घट्ट आवळून धरले.

शांडोंगमध्ये गहू पानगळीत पेरतात आणि तो सगळा हिवाळा जमिनीत काढतो. बर्फ ही त्याची गोधडी. बाहेर कितीही गोठलं तरी गोधडीखाली ऊब राहते, आणि वसंतात तीच गोधडी विरघळून पाणी होते. त्यांच्या लहानपणी दाट बर्फ पडला की मोठी माणसं दारात येऊन नुसती उभी राहायची. हसायची. हे सांगताना त्या स्वतःही दाराकडे बघत होत्या, जणू तिथे कुणी उभं होतं.

घरी येऊन मी अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायचा माझा स्वभाव नाही, आणि शेतकऱ्याला शेतातलं खोटं सांगू नये.

त्यांनी हात आवरला. ताटातली भाकरी तशीच राहिली.

“म्हणजे मी पांघरूण काढलं,” थोड्या वेळानं म्हणाले. “थंडीत निजलेल्या पोराचं.”

“तुम्हाला काय माहीत होतं अप्पा?”

“विचारायचं होतं. माझ्या बागेत कुणी न विचारता कात्री घेऊन शिरलं असतं, तर मी त्याचा हात धरला असता. ह्या बाईनं मला मान तुकवली.”

पुढचे आठवडे मला आजही संथ, धूसर आठवतात, काचेवर श्वास सोडल्यासारखे. आभाळ राखाडी, अंगण राखाडी, खिडकीशी अप्पा. ब्लडप्रेशर तपासलं की यंत्र माझ्याकडे रागानं बघायचं. संजूचा फोन यायचा, माल चांगला निघतोय, भाव बरा आहे. अप्पा म्हणायचे, हां, आणि फोन ठेवायचे. नाशिकची बाग त्यांच्या डोक्यातून पहिल्यांदाच गेली होती आणि तिच्या जागी परसातला एक वाफा येऊन बसला होता. त्यांचं परतीचं तिकीट मार्चचं होतं.

“पुढं ढकल,” ते म्हणाले.

“कशासाठी?”

“काही उगवतंय का बघून जातो. नाहीच उगवलं तर तेही बघून जातो. पीक बुडवून गावाला पळून जायची रीत नाही आपल्यात.”

मी तिकीट पुढे ढकललं.

मार्चच्या शेवटी पुन्हा एकदा बर्फ आला, मोठ्या ओल्या पिसांचा, न भांडता उतरणारा. अप्पा दारात जाऊन उभे राहिले. पलीकडे मिसेस लिनही दारात आल्या होत्या.  मी आतून बघत होते, हातात धुतलेलं पातेलं तसंच. एका माणसाच्या आयुष्यात आभाळातून पांढरं पडणं म्हणजे सर्वनाश, दुसऱ्याच्या आयुष्यात भरलेली कोठी. आणि बर्फ दोघांच्याही डोक्यावर सारखाच पडत होता. मला वाटतं, त्यांच्या त्या वचनाचा अर्थ बर्फात नाहीच. खाली काय पेरलंय, त्यात आहे. ते माहीत नसलेल्या माणसानं आभाळाला चांगलं-वाईट म्हणू नये.

एप्रिलमध्ये वाफा उघडा पडला. इथे तिथे काही पिवळी, दुबळी पाती होती, बाकी काही नाही. अप्पा रोज जाऊन वाकून बघायचे आणि परत यायचे. कोपऱ्यातला तो ढिगारा तेवढा अजून होता, वरून काळा पडलेला, कडक झालेला. अंगणातला शेवटचा बर्फ. तो फार सावकाश खचत होता.

एका सकाळी दाराची घंटा वाजत राहिली, थांबेचना. मिसेस लिन. घरातल्या सपाता, पायाला चिखल. मला बाजूला सारून त्या आत आल्या आणि “अप्पा!” अशी हाक मारली. आम्ही मारतो ती ऐकून शिकल्या होत्या. अप्पांच्या बाहीला धरून त्यांनी त्यांना ओढतच नेलं.

ढिगारा विरघळला होता. त्या जागी, कोपरा रिकामा आहे असं अप्पांना वाटलं होतं तिथे, वाफ्याची शेवटची ओळ होती. त्या ओळीतून पाती वर आली होती. जाड, गडद, ताठ, ओल्या मातीला बाजूला सारत. बाकीच्या वाफ्याची गोधडी काढून अप्पांनी ती नकळत या एका ओळीवर घातली होती, आणि ती वसंतापर्यंत टिकली होती.

अप्पा गुडघ्यांवर बसले. एका पात्याला त्यांनी बोटानं हलकेच स्पर्श केला, घडाला करतात तसा.

“लीनाबाई, इथला बर्फ तर मीच टाकलेला,” म्हणाले. मग लगेच खोकले आणि मला म्हणाले, “सांग तिला, ह्याच्यातला एकही खायचा नाही म्हणावं. सगळा बियाण्याला.”

मी सांगितलं. मिसेस लिन यांनी मला मध्येच थांबवलं. कळलं होतं.

अप्पा मे महिन्यात नाशिकला परत गेले, काढणी त्यांनी पाहिली नाही. जुलैत मी आणि मिसेस लिन यांनी तो लसूण काढला. ओंजळभर गड्डे, पण भरदार. त्यांनी ते ओट्यावर मांडले आणि मधून हात फिरवून दोन वाटण्या केल्या. एक माझ्याकडे सरकवली. मी नको म्हणाले. त्यांनी आधी माझ्या अंगणाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या. एकाच जागी ठेवायचं नाही, एवढं त्या हिवाळ्यानं त्यांना शिकवलं होतं. मी ते गड्डे घरी आणले आणि फोडणीत घातले नाहीत. माझ्यासारख्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे.

तेव्हापासून दर हिवाळ्यात अप्पांचा फोन येतो. आधी तब्येत, ईराचा अभ्यास वगैरे काही नाही. “पडला का?” एवढंच. यंदा रोज नाही म्हणताना मला अपराधी वाटत होतं, जणू मीच अडवून धरला आहे.

आज उठले, बूट चढवले आणि बर्फ वितळवायचं मीठ टाकायच्या आधीच ड्राइव्हवेवर गेले. फटफटीत उजाडलंही नव्हतं. फावडं भरायचं, वाफ्याशी जायचं, हलक्या हातानं पसरायचं, परत यायचं. आमचा वाफा झाला, मग मिसेस लिन यांचा. त्या आता काठी घेऊन चालतात. खिडकीतून त्यांनी काठीनंच खूण केली, अजून, अजून.

ईरानं वरची खिडकी उघडली. “आई, यू आर पुटिंग द स्नो बॅक?”

“हो,” मी म्हटलं. “झोप तू.”

तेवढ्यात खिशात फोन वाजला. व्हिडिओवर अप्पा. तिकडे मावळत होतं. ते बागेच्या बांधावर उभे होते.

“पडला अप्पा.”

“दाखव.”

मी फोन वाफ्यांवरून फिरवला. त्यांनी आपला फोन बांधावरच्या अंधूक उजेडात डोळ्यांशी धरून बारकाईनं पाहिलं. “लीनाबाईंच्या कोपऱ्यात कमी आहे,” म्हणाले. “तिथं घाल.”

त्यांच्या डोक्यामागे पश्चिमेला ढग होते. दाट, काळे, बागेवर झुकलेले. मला ते स्पष्ट दिसत होते. अप्पांनी त्यांचं नावही काढलं नाही, आणि मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्या हातातल्या फावड्याकडे बघत ते तसेच उभे राहिले, कोपरा भरेपर्यंत.